सभागृह पारासमोर की शाळेच्या रस्त्यावर? नव्या गावातल्या जुन्या रेषांबद्दल

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट आहे, लातूरला काम करते. गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ते जमीनदोस्त झालं आणि पुढं नव्या जागी वसवलं गेलं. विषय सध्या तापलेला आहे म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.

ग्रामपंचायतीला सभागृह बांधायचंय, वरच्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका. निधी मंजूर आहे, नकाशा मी काढून द्यायचा असं ठरलंय. अडलंय ते जागेवर. एक जागा मारुतीच्या पारासमोर. दुसरी शाळेच्या रस्त्यावर, भीमनगर जिथं सुरू होतं तिथं. पाराकडची मंडळी म्हणतात, गावाचं सभागृह गावातच पाहिजे. म्हणजे भीमनगर गावात धरलेलंच नाही. भीमनगरातली पोरं म्हणतात, पारासमोर बांधा, पण मग आम्ही पायरीखाली उभे राहू, आमचे आजोबा उभे राहायचे तसे.

जुनं गाव मला घरच्यांच्या बोलण्यातूनच माहीत आहे. वेशीतून आत आलं की चावडी, पार, मारुती, पुढं वाडे. वाड्याला ढाळज, म्हणजे दारालगतची बैठक, आणि ढाळजेत कोण कुठवर येणार हे ठरलेलं. गावकुसाबाहेर, गावाचं सांडपाणी वाहत जायचं त्या उताराला महारवाडा, त्याच्या पलीकडं मांगवाडा. घरांच्या भिंती दगड-मातीच्या, हातभराहून रुंद, आणि वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी त्याच्यावर मातीचा नवा थर चढायचा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला तेच माळवद, त्याच भिंती अंगावर आल्या. ज्यांना जड छत परवडलं नव्हतं, त्या कुडाच्या आणि पाचटाच्या घरांतली बरीच माणसं वाचली.

त्यानंतर जे झालं त्याचा विचार आम्हा वास्तुरचनेच्या लोकांनी पुरेसा केलेला नाही, असं मला वाटतं. बावन्न गावं संपूर्ण नव्या जागी वसवायची होती. पैसा होता, जागतिक बँकेचं कर्ज होतं, सरकार होतं, देशभरातल्या संस्था होत्या. मराठवाड्यातलं गाव कोऱ्या कागदावर काढायची वेळ आली होती. कागदावर आलं ते असं: सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट. वेस नाही, गावकूस नाही. इथपर्यंत चांगलंच. पण घराचं माप ठरलं ते जमिनीवरून. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट, मधल्याला मधलं. एका मापाची घरं एका ओळीत आली. आपल्याकडं सातबारा कुणाच्या नावावर होता आणि कुणाच्या नव्हता, हे इथं कुणालाही सांगावं लागणार नाही. आमच्या गावाच्या नकाशावर जातीचा उल्लेख कुठंही नाही. तरीही प्लॉटच्या मापावरून मी तुम्हाला बोट ठेवून सांगू शकते कोण कुठं राहतं.

आणि काळ कोणता होता तेही बघा. भूकंपाला चार महिने व्हायच्या आत, १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव त्याला जोडलं गेलं. एका बाजूला लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, दुसऱ्या बाजूला गावागावात नावावरून तणाव होता. नव्या गावांची आखणी त्याच दिवसांतली.

माझं मत शाळेच्या रस्त्याच्या बाजूनं आहे. पण बांधल्यानं काही बदलतं का, आणि बदलायचं असेल तर नेमकं काय बांधावं, यावर तुमचं मत हवंय. विरोधातलंही लिहा.

काळी माती

तेरणाकाठ, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मी त्या पुनर्वसनात साइटवर होतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

पहिली निकड जीव वाचवण्याची होती. पुन्हा हादरा बसला तर घर उभं राहिलं पाहिजे, हा एकच विचार डोक्यात. लिंटल लेव्हलला, म्हणजे दार-खिडक्यांच्या वर, काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, हलकं छत. दगडाच्या भिंतीचं नाव काढलं की माणसं थरथरायची. लाकडी खांब-तुळयांवर माळवद पेललेल्या जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी सांगाडा उभा राहिला होता आणि फक्त भिंती बाहेर कोसळल्या होत्या. म्हणजे आपल्या सुतारांच्या खणाच्या पद्धतीत शहाणपण होतं. ते नीट समजून घ्यायला कुणालाच उसंत नव्हती. कुठली कुठली संस्था येऊन काय काय बांधून गेली. गुबाळला तर घुमटाकार घरं झाली. आपल्या माणसाला मांडणीला सरळ भिंत लागते, खाटेला कोपरा लागतो.

आता ओळींचं. जमिनीवरून माप ठरवणं हे वरून आलेलं होतं, त्याचं समर्थन मी करत नाही. पण गल्ल्या वेगळ्या ठेवायची मागणी बैठकांमध्ये गावकऱ्यांनीच केली, हे मी कानांनी ऐकलंय. आमची भावकी एका ओळीत द्या, आमच्या शेजारी अमुक नको. दलित वस्तीतूनही मागणी यायची की आम्हाला एकत्र ठेवा, पांगवू नका. त्यामागं भीती होती आणि ती खरी होती. अशा वेळी अभियंत्यानं लोकांचं ऐकायचं की समतेसाठी चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटायचे? याचं उत्तर मला आजही सोपं वाटत नाही.

गोदातीर

काळी माती यांनी भीतीचा मुद्दा काढला तो बरोबर आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांचा खून झाला. हे ज्यांनी पाहिलं, त्यांनी पंधरा वर्षांनी नवं गाव वसताना शेजारी आपलाच माणूस मागितला, तर त्याला जातीयता म्हणता येत नाही. एकत्र वस्ती हे त्यांचं संरक्षण होतं.

मी शिक्षक आहे, संभाजीनगरला राहतो. तेरणाकाठ, तुम्ही विचारलंत बांधल्यानं काही बदलतं का. आमच्या शहराकडं बघा.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला आले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ होती, म्हणून दारापाशी असलेल्या हौदात मंडळींनी हातपाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात सोडलं, पण पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर सशस्त्र शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. अस्पृश्य हा हिंदूला जसा अस्पृश्य तसा इतरांनाही, हे त्यांना तिथं दिसलं. वास्तू तीच, हौद तोच, पण तिथं कुणी कसं वागायचं हे आधीच ठरलेलं.

त्याच दौलताबादपासून काही मैलांवर १९५० मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन उत्तर देणारा भिक्खू. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेलं पोरगं, ज्याच्या बापाला चावडीवर बसता येत नव्हतं, ते या झाडीत, या दगडी इमारतीत मान वर करून चालायला शिकलं. त्या इमारतीनं आधी दोन समाज जवळ आणले नाहीत. एका समाजाला आधी उभं राहायला जागा दिली. जवळ येणं ही त्याच्या नंतरची गोष्ट आहे, आणि ती बरोबरीनं उभं राहिल्याशिवाय होत नाही.

म्हणून माझं मत: भीमनगरच्या तोंडाशी बांधा, आणि साधं बांधू नका. गावातली सर्वांत चांगली इमारत तिथं होऊ द्या.

बालाघाट

मी अंबाजोगाईकडचा. सगळ्यांचं वाचलं. मला हे पटत नाही, आणि मनापासून लिहितो.

आमच्या गावात दलित वस्तीच्या निधीतून समाजमंदिर झालं. वरच्या आळीला आमदार निधीतून सभामंडप झाला. आता दोन्हीकडं दोन लग्नं, दोन जयंत्या, दोन पंगती. पूर्वी निदान शाळेच्या पटांगणात सगळ्यांचं एकत्र काहीतरी व्हायचं. समाजमंदिराला वर्षभर कुलूप, आत कुणाची तरी सिमेंटची पोती आणि खताच्या बॅगा. किल्ली कुणाकडं, विचारलं की एकमेकांकडं बोट. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगला निर्णय. आमच्याकडं पाटी बदलली, पण त्या वस्तीकडं जाणारा रस्ता पावसाळ्यात अजून तसाच, गुडघाभर चिखल.

इकडं माणसाला जमीन पाहिजे, पाणी पाहिजे, पोराला नोकरी पाहिजे. दिवाळी झाली की निम्मी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. त्या काळात तुमच्या अभ्यासिकेत बसणार कोण? पोरं आईबापाबरोबर फडावर असतात. इमारतीनं समाज बदलतो हे ज्यांचं पोट भरलंय त्यांना सुचतं, असं मला वाटतं. तुमच्या हेतूवर शंका नाही, ताई. पण आधी रस्ता.

उरूस

धाराशिव जिल्ह्यातून लिहितोय. आमचं गावही भूकंपानंतर हललेलं.

जुन्या गावात चावडीसमोर अलावा होता. मोहरमला तिथं विस्तव पेटायचा, सवाऱ्या, म्हणजे पंजे, बसायच्या. सवारी धरायचा मान एका मराठा घराकडं होता, हलगी मांगवाड्यातली, नवस सगळ्यांचे. नव्या गावाच्या आखणीत देवळाला जागा निघाली, शाळेला निघाली, ग्रामपंचायतीला निघाली. मशिदीलाही पुढं एका कडेला मिळाली. अलाव्याला निघाली नाही. तो ना मशीद, ना देऊळ. कुठल्या रकान्यात टाकायचा ते आखणाऱ्याला कळलं नसेल. मग काही वर्षं कुणाच्या तरी प्लॉटसमोर खड्डा खणला, नंतर रस्ता डांबरी झाला आणि ते बंदच पडलं.

आमच्या आजोबांनी १९४८ चा सप्टेंबर पाहिलेला. रझाकारांनी इथल्या लोकांवर केलेला जुलूमही त्यांनी सांगितला आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर आलेलं संकटही. केंद्र सरकारनं तेव्हा पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं, नाव घेतलंय. त्यानंतर आमच्या लोकांनी परत गावात राहायचं धाडस केलं ते अलाव्यासारख्या जागांच्या जोरावर, असं ते म्हणायचे. दोन समाजांच्या मधली जागा नकाशात कुणाच्याच नावावर नसते, म्हणून ती आधी जाते. तेरणाकाठ, तुमच्या गावात अशी कुठली जागा हरवली ते जुन्या माणसांना एकदा विचारा.

दूरदेशी

मी मूळची परभणीची, सध्या जोहान्सबर्गला आहे. इथलं घटनात्मक न्यायालय पाहिल्यापासून हा विषय डोक्यात आहे.

वर्णभेदाच्या काळात जिथं कृष्णवर्णीय कैद्यांना डांबायचे, त्या जुन्या किल्ल्याच्या तुरुंगाच्या आवारातच हे न्यायालय बांधलं. २००४ मध्ये सुरू झालं. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली, पण तिचे जिने तसेच ठेवले आणि विटा न्यायालयाच्या भिंतीत वापरल्या. आत न्यायाधीशांच्या मागं त्याच विटा दिसतात. रचनेची मूळ कल्पना आहे झाडाखालचा न्याय. इथल्या गावांत लोक झाडाखाली बसून तंटे सोडवायचे. म्हणून दालनातले खांब झाडांच्या बुंध्यांसारखे तिरके आहेत. तिथं बसलं की मला आपला पार आठवतो.

तुमच्या सभागृहाला पारासारखा कट्टा आणि मध्ये झाड असं काही करता येईल का?

गोदातीर

दूरदेशी, माहिती फार छान दिलीत. पण एक गोष्ट नम्रपणे सांगतो. तिथलं झाड सगळ्यांचं असेल. आपल्या पारावर पंच बसायचे आणि आमचे लोक खाली, उन्हात, चपला हातात घेऊन उभे असायचे. बहिष्काराचे निकाल त्याच झाडाखाली झाले. पार दिसला की तुम्हाला सावली आठवते, भीमनगरच्या आजोबांना वाकून घालावा लागलेला जोहार आठवतो. तोच आकार नव्या सभागृहात आणला, तर अर्ध्या गावाला तो परका वाटेल.

जुन्या विटा नव्या भिंतीत लावायची गोष्ट मात्र मनाला लागली. आमच्याकडं भडकल गेट आहे. १६१२ मध्ये मलिक अंबरनं बांधलं. तो स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. आज त्याच दरवाज्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि शहरातला प्रत्येक मोर्चा, प्रत्येक अभिवादन तिथं येतं. कुणी आराखडा काढून हे जुळवलं नाही. लोकांनी ती जागा आपली केली. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटसमोर मराठवाडाभरातून माणसं येतात आणि गेटला हात लावून कपाळाला लावतात. ज्यांनी त्या नावासाठी जीव दिला त्यांचं स्मरण त्या स्पर्शात असतं.

ओसरी

इतकी चर्चा झाली आणि बाईचं नाव नाही, म्हणून लिहिते.

पारावर दलित बसू शकत नव्हता हे खरं. कुठल्याच जातीची बाई तिथं बसत नव्हती, आजही बसत नाही. पारासमोरून जाताना डोक्यावर पदर घेऊन, चपला काढून जायची पद्धत आमच्या सासूबाईंच्या वेळेपर्यंत होती. सभागृह पारासमोर झालं तर ग्रामसभेला बाया येतील, पण दाराबाहेर भिंतीला टेकून बसतील.

भूकंपानंतर दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात महिला मंडळातल्या बायांना गावोगाव संवाद सहायक नेमलं होतं. माझी मावशी त्यांतली एक. सळई किती जाडीची, पट्टा कुठं घ्यायचा, हप्ता कधी मिळतो, हे ती घरोघर सांगायची. सगळ्या वस्त्यांत जायची, कारण कामच तसं होतं. ती म्हणते, मांगवाड्यात पहिल्यांदा पाणी प्यायले ते त्या कामात. काम सगळ्यांच्या घराचं होतं, म्हणून उंबरा ओलांडता आला.

तेव्हा तेरणाकाठ, नकाशात बायांसाठी स्वच्छतागृह हवं, आणि तिथं जाताना पुरुषांच्या बैठकीसमोरून जावं लागू नये. बचत गटाच्या बैठकीला खाली एक खोली द्या. बालाघाट भाऊंनी विचारलं की अभ्यासिकेत बसणार कोण. ऊसतोडीला गेलेल्यांची थोरली मुलगी पुष्कळदा मागं आजीजवळ राहते. तिच्या घरात दिव्याखाली बसायला जागा नसते. ती बसेल, पण दार उजेडात असेल तरच.

बालाघाट

ओसरीताई, हे मला सुचलं नव्हतं. आमच्या वस्तीतही अशा दोन-तीन मुली आहेत. रस्त्याचा मुद्दा मी सोडत नाही, पण अभ्यासिकेबद्दल तुमचं पटलं.

काळी माती

एक तांत्रिक शंका. मध्ये कुणीतरी मला निरोप पाठवून सुचवलं की दोन्ही वस्त्यांकडं एकेक दार ठेवा म्हणजे वाद मिटेल. तेरणाकाठ, असं करू नका. दोन दारं झाली की सहा महिन्यांत अमक्यांचं दार आणि तमक्यांचं दार होतं. पंगतीही दोन बाजूंना बसतात.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं एकत्र देते.

दार एकच, आणि तेही शाळेच्या रस्त्याला. तिथून दोन्हीकडची मुलं रोज जातात. पाराकडच्या मंडळींशी बोलले. त्यांचा खरा आक्षेप अंतराचा नाही, मानाचा आहे. पारासमोर गणपती बसतो, सप्ता होतो, ते तिथंच होत राहील, त्याला सभागृहाची गरज नाही, हे दोघा-तिघांनी मान्य केलं. एका ज्येष्ठांनी सरळ सांगितलं की भीमनगरच्या तोंडाशी गेलो तर आम्ही त्यांच्या दारात गेल्यासारखं दिसेल. मी म्हटलं, काका, आतापर्यंत ते तुमच्या दारात येत होते. ते गप्प बसले. राजी झाले असं मी समजत नाही.

बालाघाट, रस्त्याचं तुमचं म्हणणं मी ठरावात घेतलंय. भीमनगरच्या आतला रस्ता आणि गटार आधी, इमारतीचा पाया नंतर. दोन्हीचं अंदाजपत्रक एकत्रच देणार आहे, म्हणजे एक सुटलं आणि एक झालं असं व्हायचं नाही.

उरूस, जुन्या माणसांना विचारलं. आमच्याकडंही अलावा होता, चावडीच्या उजव्या अंगाला. कुणी सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. सभागृहापुढं मोकळं अंगण ठेवतेय, फरशी न घालता, मुरमाचं. तिथं काय व्हावं हे नकाशात लिहीत नाही.

कट्टा करतेय, पण एकाच पातळीचा. व्यासपीठ काढून टाकलंय. सरपंचांना ते आवडलेलं नाही, पाहुणे कुठं बसणार विचारतात. मी म्हटलं खुर्चीवर, सगळ्यांबरोबर. जुन्या गावातल्या पडक्या भिंतींचे दगड अजून तिथं पडलेत. त्यांचं जोतं करायचा विचार आहे. काळी माती, भूकंपाच्या दृष्टीनं चालेल ना? आणि दगड दोन्हीकडचे आणायचे आहेत, वाड्यांचे आणि उताराच्या अंगाचे.

काळी माती

जोत्याला चालेल. सिमेंटमध्ये बांधा, मातीत नको. मधे मधे आरपार धोंडा घाला आणि जोत्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवा. पाया काळ्या मातीत थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि भिंतीला तडा जातो. वरची भिंत हलक्या ब्लॉकची ठेवा. उताराच्या अंगाला दगड फारसे मिळणार नाहीत, तिथली घरं बहुतेक कुडाचीच होती. जे मिळतील ते दर्शनी कोपऱ्यात घ्या.

ओसरी

आणि किल्ली? बालाघाट भाऊंच्या गावासारखं व्हायला नको. ठरावात आत्ताच लिहून घ्या.

तेरणाकाठ

लिहिलंय. किल्ल्या तीन. एक ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं, एक बचत गटाकडं, आणि एक अभ्यासिकेतल्या मुलांकडं. मुलांकडची दर महिन्याला वस्ती बदलून. या शेवटच्या कलमावर ग्रामसभेत विरोध होणार, मला माहीत आहे. ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. भीमनगरातल्या बायांना आणि वरच्या आळीच्या बायांना एकत्रच घेऊन जाणार आहोत, आणि आत बसणार आहोत.